मावशीने कात टाकली

(मत्स्यालय उघडायला अर्धा तास आहे. टाक्या सांभाळणारा भाऊ खेकड्याच्या टाकीपाशी स्टुलावर उभा. त्याची धाकटी बहीण, इथली व्यवस्थापक, धापा टाकत आलेली.)

बहीण: म्हणजे जिवंत आहे? दादा, मी दारावर दुखवट्याचा फलक लावून आले! हारासकट!

भाऊ: फोन केला तेव्हा मेलीच होती गं. पाय गार पडलेले.

बहीण: खेकड्याचे पाय गारच असतात!

भाऊ: माझं डोकंच चालेना. ढसाढसा रडलो. मग बघतो तर दगडाखालून दोन डोळे माझ्याकडे टकामका बघतायत. मावशी! बाहेर पडली होती ती नुसती कात.

बहीण: आणि ऑफिसात फोन करून ‘छकुले, आपली मावशी गेली’ म्हणत जाऊ नकोस. फोन स्पीकरवर होता. दोघीजणी मला भेटायला आल्या.

भाऊ: बरं, मॅडम.

बहीण: थांब. तिच्या पाठीला चिकटलेले ते सात बार्नॅकल, कवचातले चिमुकले जीव?

भाऊ: कातीवरच राहिले. मालकीण नव्या घरात, बिऱ्हाडकरू जुन्या.

बहीण: अरे देवा! अकराला शाळेची पोरं येतायत. सातही जणांची नावं त्यांनीच ठेवलीत. ‘आमचा ढब्बू जेवतो का?’ म्हणून पत्र आलंय. चिकटव परत!

भाऊ: कशाने?

बहीण: डिंक, खळ, काहीही!

भाऊ: ती आत्ता लोण्यासारखी मऊ आहे. कुणी बोट जरी लावलं, तर मी नोकरी सोडीन.

बहीण: मला धमकी देतोस?

भाऊ: हो. मॅडम.

बहीण: बरं, राहू दे. ही दोरी कसली?

भाऊ: कुठली?

बहीण: तुझ्या हातातली. जिच्या टोकाला कात बांधलीय.

भाऊ: फिरवतोय.

बहीण: कुणाला?

भाऊ: सातजणांना. त्यांना कुठे उठून जाता येतंय? पाण्यातून येईल ते बसल्या जागी झेलायचं. मावशी हिंडायची, तेव्हा यांना रोज ताजं पाणी मिळायचं.

बहीण: पंप लाव ना मग!

भाऊ: पंपाच्या जोराने मावशी काचेवर आपटेल. म्हणून साडेआठपासून मीच. तुला परत फोन करायलाही हात मोकळा नव्हता...

बहीण: तासभर!

भाऊ: तो ढब्बू बघ. पिसांसारखे पाय बाहेर काढून कसा पाणी चाळतोय.

बहीण: अय्या, खरंच की! आणि हा कडेचा दार लावून का बसलाय?

भाऊ: रुसलाय.

बहीण: पोरांना काय सांगू मी?

भाऊ: खरं ते सांग. मावशी वाढली, झगा आखूड झाला. एकेकाला दोरी धरायला देऊ.

बहीण: खांदा दुखतोय ना तुझा?

भाऊ: छे!

बहीण: खोटारडा. उतर खाली. आण ती दोरी.

भाऊ: बाह्या भिजतील तुझ्या.

बहीण: भिजू देत. कुठून न्यायचं यांना?

भाऊ: कडेकडेने. दगडापाशी जरा हळू, छकुले. आत्ताच डोळा लागलाय तिचा.