सोबतीने मागितलेली माफी

“हॅलो?… हॅलो, कोण?”

मार्तंडरावांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि पाय टेकून झोपाळा थांबवला. नाव होतं कुमुदताई. सख्खी थोरली बहीण. नागावातल्या त्याच वाडीच्या अर्ध्या भागाची मालकीण, मेंदीच्या कुंपणापलीकडे राहणारी आणि पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारी. दोघांत मिळून विहीर एक, आणि त्या विहिरीवरून तीन उन्हाळे दोघांचं बोलणं बंद. एवढ्या काळात तिचा फोन एकदाही आला नव्हता, त्यामुळे कोणीतरी गेलं असणार याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

“बोल ताई. कोण गेलं?…

कोणी नाही?… मग?…

मी झोपाळ्यावर आहे. दुपारचा दुसरा कुठे असणार?…

पानं घेतलीयस? बरं… माझं? माझं पान तुझ्याकडे कशाला?…

थांब, थांब. मी खोली घेतलीय? तुझ्याकडे?… आज दुपारपासून, दोन माणसं, जेवणासह… अगं, माझं घर आहे ना इथे. मी कुंपण ओलांडून भाड्याने राहायला कशाला येईन?…

ओटीवरची खोली?… ‘समुद्राच्या बाजूची खिडकी असल्यास उत्तम’?… ताई, त्या खोलीत माझा जन्म झालाय. तिला त्या बाजूने खिडकी नाही, भिंत आहे, हे मला ठाऊक नाही का?…

वाच. मी काय लिहिलंय ते आधीपासून वाच… चष्मा शोध. आहे मी.”

मार्तंडराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वाडीत दोन खोल्या बांधल्या. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येत, समुद्रात डुंबत आणि मार्तंडरावांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी फोन करून विचारत, खोलीपासून समुद्र किती लांब, आणि भरती-ओहोटीच्या वेळा बदलून मिळतील का. तेव्हा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाने, निकेतने, त्यांच्या फोनमध्ये सोबती नावाचं काहीतरी घातलं. आलेल्या निरोपांना सोबती परस्पर उत्तरं देई. कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजातीचा घास घेणार, असं मार्तंडराव रोज सकाळी सुरूच्या बनात फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगत असत. तरी सोबतीला त्यांनी राहू दिलं होतं. शत्रू घरात असला की त्याच्यावर नजर ठेवता येते, असं त्यांचं म्हणणं. नजर मात्र त्यांनी अजून एकदाही ठेवली नव्हती.

“हं, वाच… ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत’… हं… ‘आपल्याशी असलेलं नातं आमच्यासाठी अत्यंत मोलाचं आहे’… हे मी लिहिलं असं वाटलं तुला?… अगं, जन्मल्यापासून मी तुला कधी ‘आपण’ म्हटलंय?…

वय झालं, शहाणपण आलं असेल, असं वाटलं… हो ना. माझ्याबद्दल असं वाटून घेतलंस ही तुझी चूक…

त्याच्याआधी तू काय लिहिलं होतंस?… ‘दुपारपासून मोटर चालू. विहिरीचा तळ दिसतोय. बेडकांना तरी थोडं ठेव’… हे बघ, हे अस्सल तुझं. खाली नाव नसतं तरी ओळखलं असतं…

नाही, मी वाचलाच नाही तो निरोप. आत्ता ऐकतोय पहिल्यांदा… अगं, ते सगळं सोबती बघतो… सोबती म्हणजे निकेतने घातलेलं ते. पाहुण्यांना उत्तरं देणारं… तुला पाहुणा समजला असणार. तक्रार आली की माफी मागायची, एवढं त्याला शिकवलेलं… हो, यंत्राने. माफी यंत्राने मागितली… मी नाही.”

भांडणात बाजी मारली की मार्तंडरावांना जे वाटायचं, ते या वेळी वाटलं नाही. त्यांनी झोपाळ्याची कडी उगाच हलवून पाहिली.

“ताई?… हं, बोल…

मग पुढे काय झालं? तू काय उत्तर दिलंस?… ‘आपल्या समंजसपणाबद्दल आभारी आहोत. आमच्याकडे मुक्कामाला अवश्य यावं. आमचं वालाचं बिरडं पाहुण्यांच्या विशेष पसंतीचं आहे’… हे तू लिहिलंस?…

नाही?… मग कोणी?… तुझ्याकडेही आहे?… निकेतनेच?… बापालाही तेच आणि आत्यालाही तेच. छान. पोरगं दोन्हीकडून जेवतं ते मला माहीत होतं, हे नव्हतं…

म्हणजे तुझ्या सोबतीने बोलावलं आणि माझ्या सोबतीने खोली घेतली… दोन कुठले, एकच तो. निकेत सांगत होता, सगळ्यांच्या फोनात मिळून एकच असतो… हो ना. म्हणजे त्यानेच माफी मागितली, त्यानेच दिली, आणि त्यानेच स्वतःला जेवायला बोलावलं. आपण दोघं कशाला होतो मध्ये?…

हस. हस तू. मी रोज सकाळी घसा कोरडा करतोय, तेव्हाही माणसं अशीच हसतात…

नाही गं, बॉम्ब नाही टाकणार तो. ते मी आधी म्हणत होतो. आता मत बदललं… आत्ताच, तुझ्याशी बोलता बोलता… अगं ऐक ना. बॉम्ब पडणार असला तर माणूस निदान पळतो. हे सगळं गोडीत होणार. आपल्या वतीने तो रुसणार, आपल्या वतीने समजूत काढणार. वाढदिवसाला शुभेच्छा देणार, मयताला दुःखही तोच व्यक्त करणार. आणि आपण कुंपणाच्या दोन बाजूंना दोन झोपाळ्यांवर, काही झालंय याचाच पत्ता नाही. माणूस मारायची गरजच नाही मग. जिवंत ठेवून कामातून काढला की झालं…

‘तू कधी कामाचा होतास’… पोचला. हा टोमणा मात्र घरचा आहे, चवीवरून कळतं.”

एवढ्यात कुंपणापलीकडून कुकरची शिट्टी झाली आणि लगेच तीच फोनमधून पुन्हा झाली. तिच्यामागून एक वास आला. तो फक्त कुंपणावरून आला.

“ताई… तू खरंच बिरडं केलंयस?…

नाही, वास आला म्हणून… नारळाचं दूध घालून?… वाल कधी भिजवलेस?… बुधवारी. मग मोड काढून… सोलले कोणी? हाताखाली बाई आहे का?… एकटीने?… एवढे?…”

वाल सोलणं हे काम मार्तंडरावांना परिचयाचं होतं. लहानपणी आई दोघांना परातीसमोर बसवायची. गरम पाण्यातला एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, डाळिंबी सटकन बाहेर आणि साल बोटाला. ताई परात भरायची. मार्तंड डाळिंब्या नेम धरून ताईच्या वेणीत उडवायचा. एका पातेल्याला अख्खी दुपार जायची, आणि शेवटी बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची.

“एक विचारू?… रागावू नकोस… तुझ्या सोबतीने मला बोलावलं, मी येतो म्हणालो, हे तू कधी वाचलंस?… मंगळवारी. म्हणजे आमंत्रण तू दिलेलं नाही हे तुला मंगळवारीच माहीत होतं… मग रद्द का नाही केलंस?…

हॅलो?… ताई, आहेस ना?…

‘राहून गेलं’… हं. वाल सोलायचे मात्र राहिले नाहीत…

बरं, नाही बोलत काही…

थांब, कुणाला देतेस?… वरच्या खोलीतल्या पाहुण्यांना?… अगं, ती माणसं काल माझ्याकडे विचारायला आली होती, इथे पिझ्झा कुठे मिळतो म्हणून. ती बिरड्यावर सॉस ओततील… नाही, माझा काही हक्क नाही. हक्क कोण सांगतंय…

अट?… कसली अट?…

मी म्हणू?… काय म्हणू?… तेच? ते कसं म्हणू, ते सोबतीचं आहे… माझ्या शब्दांत?… आत्ता?… फोनवर?… नाही, तसा काही कामात नाही…

एक मिनिट धर हां.”

मार्तंडरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. हेमांगी, म्हणजे त्यांची बायको, आत भात लावत होती. त्यांनी फोन समोर धरला आणि एका बोटाने सोबतीला विचारलं, थोरल्या बहिणीची माफी मागायची आहे, फार झुकल्यासारखं वाटू नये, दोन ओळी दे. सोबती तत्परच. आनंदाने, म्हणाला. भावपूर्ण हवं की औपचारिक, असंही त्याने विचारलं.

“हॅलो… नाही गं, काही नाही. माशी होती…

टकटक? कसली टकटक?… नाही, मी काहीही टाइप करत नाहीये… करत होतो. बरं. बंद केलं… हो, शपथ. तुझी नको, तू चिडशील. विहिरीची.

हं… तर…

त्या दिवशी ती पाहुण्यांची पोरं समुद्रावरून आली होती, अंगभर वाळू, नळाखाली तासभर… नाही, सबब नाही सांगत… मुद्द्यावरच येतोय, तू मध्ये बोलू नकोस…

मोटर मी लावली. आणि आडवा झालो. डोळा लागला… जाग आली मग… हो, आवाज येत होता. ऐकू येत होता मला… उठलो नाही… मुद्दाम असं नाही… बरं, थोडं मुद्दाम.

चुकलं.

ऐकू नाही आलं?… ऐकलंस तू. पुन्हा नाही मिळणार…

आता रडतेस कशाला?… कांदा. बरं, कांदा. आपल्या गोड पांढऱ्या कांद्याने डोळ्यांत पाणी येतं हे तुझ्याकडूनच ऐकलं…

काय?… तुलाही सांगायचंय?… सांग की…

फ्यूज?… कुठला फ्यूज?… माझ्या मोटरचा? विहिरीवरच्या पेटीतला?… तू काढायचीस?… रोज नाही, वाटेल तेव्हा… तीनही उन्हाळे?… ताई, मी त्यापायी वायरमन बदलला. त्या बिचाऱ्या तुकारामला काय काय बोललो. म्हटलं, तुला तारेचं टोक कळत नाही…

हसू नकोस, भयंकर आहे हे… मी कुठे हसतोय…

पण बघ, याबद्दल तुझ्या सोबतीने माफी मागितली का? नाही. त्याला माहीतच नव्हतं. जे खरं आपण केलं ते त्याच्या गावीही नाही, आणि गैरसोयीबद्दल मात्र मनःपूर्वक दिलगीर. हाच तो धोका. उद्या सुरूच्या बनात हेच सांगतो… तुझं नाव नाही घेत…

तुकारामला?… हो, त्यालाही कळवायला हवं… मी कशाला? त्याच्यासाठी सोबती पुरे आहे. त्याला भावपूर्ण पाठवतो…

बरं बाई. त्यालाही मीच. नंतर. जेवून.

येतो, येतो. हेमांगीलाही आणतो… तिने इकडे भात लावलाय. तोही घेऊन येतो…

मुक्काम? मुक्काम कशाला, पलीकडे तर राहतो… खोली झाडून ठेवलीयस?… नवी चादर?… बघू. दुपारची झोप तिथे काढीन म्हणतो. खिडकी नाही ते एक बरं, ऊन येत नाही.

आणि ऐक, एक राहिलं. गावात कुणी विचारलं तर माफी सोबतीने मागितली म्हणून सांग… का म्हणजे? मी मागितली हे बाहेर पडलं तर उद्या सकाळी फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागेल. ज्याचं त्याचं काहीतरी असणारच… हो, तोच सोबती. मानवजातीला ज्याच्यापासून धोका आहे तोच… असेना. धोका आहे म्हणून काय हातभार लावू नये त्याने?…

ठेव आता… नाही, तू ठेव. मोठी तू आहेस… गार होतंय ना तुझं?… बरं. मी ठेवतो.”

मार्तंडरावांनी फोन ठेवला आणि झोपाळ्याखाली पायाने चपला चाचपल्या. हेमांगी ओल्या हातांनी दारात आली होती. इतका वेळ कोणाशी बोलत होतात, तिने विचारलं.

“सोबती होता,” मार्तंडराव चपलेत पाय सरकवत म्हणाले. “ताईकडे जेवायला बोलावलंय म्हणतो. भाताचं पातेलं घे. त्याला नाही म्हणवत नाही.”