रिकामी पोती

पनवेल स्टेशनात कोकणात जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आई, तिचा मुलगा आणि दोघांच्या मध्ये घडी घातलेली रिकामी पोती.

“आई, ही पोती टाक ना. एसी डब्यात लोक काय बोलतील?”

“कसला एसी? माजं पॅसेंजरचं तिकीट हाय हातात.”

“फेक ते. एक्स्प्रेसचं काढलंय तुझं. त्या डबडा गाडीने अजून किती दिवस फिरणार? येईल त्या गाडीला पुढे सोडते.”

“आकाश, तुजी एक्स्प्रेस आपल्या गावाला थांबते?”

“थांबत असेल ना.”

“असेल?”

“टेन्शन नको देऊ, बघतो मोबाईलवर... रोहा, मग एकदम चिपळूण.”

“म्हंजे तुजी सासुरवाडी. बरोबर तिकीट काढलंस.”

“मग चिपळूणला उतर. तिथून येईल कोणीतरी मागे सोडायला.”

“कोन? तुजा सासरा?”

“आई, आपली काय इज्जत आहे की नाही? पोती घेऊन त्या मच्छीवाल्यांत बसायचं?”

“ह्याच पोत्यांतनं तांदूळ आनले तुज्या कामोठ्याच्या घरी. लिफ्टमदी शेजारनीला काय सांगितलंस? ‘गावाकडची बाई आहे, तांदूळ द्यायला आलीय.’”

“अगं, घाईत निघालं तोंडातून.”

“सरक, माजी गाडी आली.”

“आई, एक्स्प्रेसचं तिकीट फुकट जाईल!”

“नाय जात. पुडचे तांदूळ तुज्या एक्स्प्रेसनंच पाठवीन. आपल्या गावाला थांबली, की चढवते.”