दादाच्या आवाजाला पुरेल असा

प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत हर्षाली आदिलाबादच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात बाकावर बसून होती. काउंटरपाशी वांकिडीकडचा एक पन्नाशीचा माणूस दुकानदाराशी बोलत होता.

“घरी गानं रेकॉर्ड कराचं हाये, संतोषभाऊ. सगळ्यात मोठा प्रोसेसर दाखवा.”

“किती जनं गाता, काका?”

“आता कोनी गात नाई. मी एकटा पेटी वाजवतो.”

“एका पेटीले मोठा काऊन पाह्यजे? घरी कॉम्प्युटर नाई का?”

“हाये ना, पोराच्या कालेजचा. हा पाहा, फोटो आनला.”

“मंग हाच पुरते तुमाले.”

“आन दोघं असतो तर? दादा गाये, मी पेटी वाजवो.”

“दोघाईले काय होते? चार माईक लावले तरी हा अडत नाई.”

“तवाबी अडला नसता?”

“तवा तर नवा होता. काऊन, केलं नाई का रेकॉर्डिंग?”

“दादा रोज म्हने, आज बसू. मी म्हनो, थांब, मोठा प्रोसेसर आनू दे, तुह्या आवाजाले हा पुरत नाई. मंग त्याच्या गळ्याचं आपरेशन झालं.”

“आता बोलता येते का त्यायले?”

“नाई. हातानं विचारते, प्रोसेसर आला का म्हनून.”

हर्षालीचा प्रिंटर तयार होऊन समोर ठेवला होता. ती उठली नाही.

“मंग काय करू, काका? जुनाच साफ करून देऊ?”

“नाई. मोठाच द्या. जुना पुरत नाई, असं दादाले सांगून ठेवलं हाये मी.”