धा गुणांचा ळा

“मनातलं जात्याला सांगावं, माणसाला न्हाई,” दळताना आई म्हणायची. लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात शिरूरला टँकरच्या रांगेत बसले असताना तिचा आवाज आठवला. माझ्या पुढं रिकाम्या घागरींच्या आडोशाला एक जोडपं पुठ्ठ्यावरची अक्षरं जुळवत खेळत होतं.

“सरजा, ‘वसा’ काय लावतीस? दोनच अक्षरं. मोठा शब्द जुळव.”

“जुळंना.”

“दाव हातातलं. सा, पा, ळा, व... नुसत्या ळाचे धा गुण! अगं, ‘पावसाळा’ होतोय की!”

“आभाळात न्हाई, तर पुठ्ठ्यावर कशाला?”

“मस्करी न्हाई. जिंकंल त्याचं ऐकायचं, ठरलंय ना? मी जिंकलो तर लातूरच्या कचेरीत बदली घेऊन दोघांनी जायचं. तू जिंकलीस तर इथंच, माझ्या आईजवळ.”

“हाव, ठरलंय.”

“अन् तूच आईला म्हणालीस, मला गाव सोडवत न्हाई.”

“म्हणाले.”

“मंग लाव की! माझ्यापाशी आता एकबी शब्द न्हाई. हा लावलास की जिंकलीस.”

“ठाऊक हाय.”

“कवापासनं?”

“अक्षरं हातात आली तवापासनं.”

“मंग मुद्दाम हरत कशाला हुतीस?”

टँकरचा भोंगा वाजला. सगळी रांग उठली. ती बसूनच राहिली.

“अहो, मला जायचंय. तिथं नळ हाय म्हणं. लई थकले मी ह्या घागरींना. तुमच्या आईपुढं तोंडानं म्हणवत नव्हतं.”