सुनेच्या पोटावरचा बजर

आमचं मूळ सांगोल्याकडचं. मेंढरं राखली, बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजवला, आन् म्हातारपनी पोरामागं हितं सोलापुरात आलो, पन ढोल काय सुटला न्हाय बघा. सुनंला दिवस गेले तवा मात्र मालकिनीनं, म्हंजी माझ्या बायकूनं, त्यो माळ्यावर चढवला. आमच्यात तशी रीतच हाय की, पोटुशी बाईजवळ ढोल वाजवायचा न्हाय, आतलं लेकरू दचकतंय म्हंत्यात. पन ही बाई रीतीच्या बी फुडं गेली, काय सांगू तुमाला, कुकरची शिट्टी बंद, दाराची कडी हळू, मला खोकला आला तर म्हनायची, भाईर जाऊन खोका.

नववा लागला आन् एक दिस सकाळधरनं लेकरू हललंच न्हाय. सून सासूला म्हनली, आत्या, मला भ्या वाटतंय. रिक्षा केली आन् तडक दवाखाना गाठला. बायका पडद्याच्या आत, मी भाईर देवाचं नाव घेत हुबा. आत मशीनीवर लेकराच्या काळजाचे ठोके वाजत हुते, एका लयीत, संथ. डॉक्टरीणबाई म्हनल्या, ठोके हायेत, पन लेकरू झोपलंय का दमलंय ते बघाया पायजे. पोटावर बजर लावते, त्याचा आवाज आन् थरथर आत पोचती, बरं असंल तर हलंल.

झालं! आमची मालकीन खवळली की. आगं बाई, इतकं म्हैने मी घरात भांडं आपटू दिलं न्हाय आन् तू पोटावर भोंगा वाजवतीस व्हय? हातच धरला की डॉक्टरीणबाईंचा. मी भाईरनं वरडतोय, आगं सोड, सोड! शेवटाला सूनच म्हनली, आत्या, सोडा त्यांचा हात, माझं लेकरू हाय ते.

बजर गुरगुरला. काय न्हाय. मी पडद्याला कान लावला. डॉक्टरीणबाई म्हनल्या, थांबा, आनिक एकदा. परत गुरगुरला, आन् सून केवढ्यांदा वरडली, हललं! ठोके असे पळाया लागले म्हनून सांगू, पालखी देवळापुढं आली की ढोल चढतो तसे. मालकीन हसतीया का रडतीया तेच कळंना, म्हनली, दचकलं गं माझं सोनं, बरं झालं बाई दचकलं!

आता नात पालथी पडती. रडाया लागली की गल्ली गोळा हुती. शेजारीन म्हंती, मामा, गप करा की तिला. मी म्हनतो, रडू दे. ती गप ऱ्हायली की मलाच करमत न्हाय, उठून बघून येतो. उदंड आयुष्य दे म्हनावं बिरोबाला, आन् तिचा घसा असाच ठेव.