एका टाकीची विंग

नाही भाऊ, ती नाही देणार. मोठी आहे म्हणूनच नाही देणार. मोठी असली की जास्त उचलेल, जिवाला धोका नाही – सगळे हेच म्हणतात. बसा जरा. विंग म्हणजे काय, तर पाण्यात बुडी मारणाऱ्याची पाठ आणि श्वासाच्या हवेची टाकी यांच्यामधली हवेची पिशवी. हवा भरली की तरंगायचं, सोडली की खाली जायचं, एवढंच तिचं काम. तुमच्या टाक्या किती? एक. सूट? – पाच मिलीमीटर, ठीक. खोल गेल्यावर सूट दबतो, त्याचं तरंगणं जातं, तेवढं विंगनं भरून काढायचं. बारा-तेरा किलो उचलणारी अरुंद विंग पुरते. ही सत्तावीस किलोची, जोडटाकीची, म्हणजे पाठीवर दोन टाक्या घेणाऱ्याची. एका टाकीला लावली की हिच्या दोन्ही कडा टाकीभोवती गुंडाळतात – हे बघा, अशा – आणि हवा त्या घड्यांत अडकते. वर येताना तुम्ही हवा सोडायची दोरी ओढता, हवा सुटत नाही. वर पाण्याचा दाब कमी, म्हणून अडकलेली हवा फुगते, फुगली की तुम्हाला आणखी वर नेते, तिथं आणखी फुगते. मग माणसाच्या हातात काही राहत नाही.

पुस्तकातलं नाही सांगत, बघितलंय. माझा एक मित्र होता – म्हणजे आहे. चाकणला एकाच कंपनीत आम्ही, मी टूलरूमला, तो पेंट शॉपला. सोळा वर्षं निगडीहून एका बसनं गेलो-आलो. पाण्याचं वेड त्याचं, मला त्यानंच ओढलं त्यात. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा दोघांची नावं एकाच यादीत. त्यानं घेतली विंग, सत्तावीसचीच. घेताना दोनदा विचारलं त्यानं, एका टाकीला मोठी नाही ना होणार रे? – कोणी दिली म्हणजे? दुकानदारानं दिली, आणखी कोण देणार. दुकानदारांचं काय सांगता राव, चुकून जोडटाकीचा माल आला, पैसे त्यात अडकले होते, इथं एवढी मोठी कोणाला लागत नाही. मग समोरचा विचारतो आणि आपल्या तोंडून निघून जातं, घे रे, मोठी कधीही बरी – 

हो. मीच. हेच दुकान, चिंचवडला तेव्हा नवीन टाकलेलं, आणि तो पहिलं गिऱ्हाईक.

पुढचं काय. दगडखाणीचं तळं, रविवारची सकाळ, अठरा मीटर. मी शेजारीच होतो त्याच्या. वर निघालो आणि बघता बघता तो माझ्या डोक्यावरून गेला. हात दोरीवर होता त्याचा, ओढत होता, सारखा ओढत होता – दिसत होतं मला. मी पाय धरायला गेलो तर पायातला पोहायचा फिन तेवढा हातात आला. मी वर पोचलो तेव्हा पाण्यावर उताणा होता, शुद्धीत होता. मला म्हणाला, ज्योती, पाय कळत नाहीत रे. झपाट्यानं वर आलं की रक्तात बुडबुडे धरतात, ते मज्जारज्जूला लागले; नऊ दिवस दाबाच्या खोलीत घालून उपचार केले. उजवा पाय थोडा परत आला. डावा नाही.

वहिनी विचारायला आल्या दवाखान्यात. भावजी, त्या विंगमध्ये काही होतं का? मी म्हटलं, नाही वहिनी, घाबरला असणार, घाबरलं की होतं असं. तो पलंगावर ऐकत होता. मान हलवली त्यानं. घाबरलो असेन, म्हणाला – मी सांगितलं म्हणून. पेंट बूथला आग लागली होती एकदा, सगळ्यांना बाहेर काढून शेवटी बाहेर आलेला माणूस तो. सोळा वर्षांत घाबरलेला बघितला नाही मी त्याला. आणि आता सगळ्या नात्यागोत्यात तेच सांगत फिरतो, मीच गोंधळलो म्हणून.

तीन वर्षं झाली. नाही जात मी त्याच्याकडे, काम असतं इथं – नाही, काम कसलं. ही विंग त्याची नव्हे, त्याच खोक्यातली दुसरी. फेकली का नाही? काय सांगू. कोणी मागितली की नाही म्हणायला मिळतं, तेवढंच.

असो, तुमचा वेळ घेतला. ही न्या, तेरा किलोची. आकार गोल आहे, हवा एका बाजूला अडकत नाही. सोडायचा व्हॉल्व्ह खाली डावीकडे, पहिल्यांदा उथळ पाण्यात सोडून बघा, मगच खोल जा. बिलावर पत्ता काय घालू? – चऱ्होली? चऱ्होलीहून इथवर आलात एका विंगसाठी? कोणी पाठवलं?

निरंजननं. तलावावर पोरांना शिकवतो तो – काठावर खुर्चीत बसून? कुबडी असते, डावा पाय लुळा, तोच?

काय म्हणाला? नाही, नीट आठवून सांगा, त्याच्याच शब्दांत सांगा.

विंग घ्यायची तर ज्योतीरामकडूनच घे. तो चुकीचं देणार नाही. – असं म्हणाला? हसत म्हणाला, की नुसताच म्हणाला? तुमच्या लक्षात नाही. बरं.

आणि मी तुम्हाला हे सगळं सांगून बसलो.

न्या ती विंग, बिल नंतर पाठवतो. नाही, त्याला काही सांगू नका. सांगा – तुमचं तुम्ही बघा. उठा आता. शटर ओढायचंय मला. हो, दुपारचे बाराच वाजलेत, माहीत आहे मला. उठा.