पाठ न दाखवता

राजवाडा बघायच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आज दरबारातून सरळ चालत बाहेर यायचं. सांगून ठेवते."

"तीस वर्षं महाराजांवर चवरी ढाळली मी. गादीला पाठ दाखवून कधी निघालो नाही."

"गेल्या वर्षी उलटे चालत आलात आणि बाकावरच्या बाईंच्या मांडीत जाऊन बसलात!"

"मुजरा करून माफी मागितली की त्यांची."

"पहारेकऱ्याने दम दिलाय, पुन्हा असं केलंत तर आत सोडणार नाही. अहो, गादीवर आता कोण बसतंय? दोरी बांधलीय तिला."

"महाराज शिकारीला गेले की तेव्हाही गादी रिकामीच असायची. तरी आम्ही उलटेच निघायचो."

"मग तेव्हा बरे पडत नव्हतात?"

"मागे भालदार असायचा ना. उंबरा जवळ आला की हळूच खाकरायचा. त्याच्या भरवशावर तर चालायचो. गेला बिचारा."





"आज मागे मी राहते. असंच खाकरायचा ना? अहं... अहं."

"जरा मोठ्याने गं. आता मला कमी ऐकू येतं."